उपऱ्यांचे हिशेबनीस

शर्यतीचा अधिकृत निकाल लागला की ह्या गृहस्थांचं खरं काम सुरू होतं. फलकावर नावं झळकत असतात, पोरं गवतावर उताणी पडून धापा टाकत असतात, आया ब्लँकेटं घेऊन धावत असतात, आणि हे मात्र घडीच्या खुर्चीत बसून, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून, छापील निकालावर लाल पेन्सिल चालवायला लागतात. पहिला क्रमांक, केनिया. काट. दुसरा, केनिया. काट. तिसरा, ऑस्ट्रेलिया. इथे पेन्सिल जरा घुटमळते, पण काट. चौथा अमेरिकन आहे, पण शेजारच्या राज्यातला. त्याच्या नावाखाली नागमोडी रेघ, म्हणजे त्याचा विचार दुसऱ्या फेरीत. गव्हातले खडे निवडावेत तसा दीड-दोनशे नावांचा निकाल निवडून होतो, उरलेल्या नावांना नवे क्रमांक मिळतात, आणि मग मान वर करून ते जाहीर करतात, "आपला पोरगा पहिला आला."

आपला पोरगा एकसष्टावा आलेला असतो.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका विद्यापीठाच्या गावात आम्ही राहतो, आणि हे आमचे शेजारी. पण असा माणूस तिकडच्या जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या गावात एक तरी असतो, तेव्हा नाव सांगण्यात अर्थ नाही. मी मनातल्या मनात त्यांना हिशेबनीस म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, अंग अजून काटक, डोक्यावर विद्यापीठाच्या रंगाची लोकरी टोपी, गळ्यात दोरीला लटकवलेलं स्टॉपवॉच. चिप लावून सेकंदाच्या शतांशापर्यंत वेळ मोजणारी यंत्रणा कधीच आली, पण ह्यांचा त्या चिपवर विश्वास नाही. "यंत्राला कोण कुठला ते कळत नाही," म्हणतात.

क्रॉस-कंट्रीची गुणपद्धतच मुळात हिशेबी माणसाला वेड लावणारी आहे. प्रत्येक विद्यापीठाचे सात जण धावतात. त्यांतल्या पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो संघ विजयी. एकाच संघाचे पाच जण पहिल्या पाचांत आले तर एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच, म्हणजे पंधरा. त्याखाली कोणी जाऊ शकत नाही. सहावा आणि सातवा गुणांत धरला जात नाही, पण प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या पुढे घुसून त्याचा क्रमांक खाली ढकलू शकतो. म्हणजे एक नाव खोडलं की त्यामागचा प्रत्येक आकडा हलतो, प्रत्येक संघाची बेरीज बदलते. हिशेबनिसांना ह्यात जे सुख मिळतं ते आपल्याकडे फक्त जुन्या बँक कॅशियरच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

त्यांच्याकडे वह्या आहेत. राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेचे, म्हणजे एनसीएएचे, १९७० पासूनचे निकाल त्यांनी 'शुद्ध' करून ठेवलेले आहेत. शुद्धीकरणाचे नियम मात्र लेखी नाहीत, आणि मला ते अनेक शनिवार खर्चून, कॉफीच्या कपागणिक गोळा करावे लागले.

पहिला नियम: आयरिश माणूस परदेशी नसतो. ह्यांच्या आईची आई कॉर्कची होती, हे एक कारण. दुसरं कारण ऐतिहासिक आहे, असं ते सांगतात. फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाने दुसऱ्या महायुद्धानंतर आयर्लंडहून पोरं आणायला सुरुवात केली. जम्बो एलियट नावाच्या कोचच्या हाताखाली तिथे शिकलेल्या रॉन डेलनीने १९५६ साली मेलबर्नला १५०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. तिकडे टेनेसी राज्याच्या डोंगराळ कोपऱ्यातल्या एका विद्यापीठाच्या संघाला तर लोक 'आयरिश ब्रिगेड'च म्हणायचे, आणि त्यांच्या नील कुसॅकने १९७२ ची राष्ट्रीय क्रॉस-कंट्री जिंकून पुढे १९७४ ची बॉस्टन मॅरेथॉनही जिंकली. आर्कान्सॉला ज्यांच्या काळात सगळ्या प्रकारांत मिळून राष्ट्रीय विजेतेपदांचा ढीग लागला ते कोच जॉन मॅकडॉनेल स्वतःच मेयो परगण्यातले. "इतकी वर्षं येतायत म्हटल्यावर त्यांना परदेशी कसं म्हणायचं?" असा ह्यांचा सवाल. केनियाची पोरंही पन्नास वर्षांहून जास्त काळ येतायत, असं मी एकदा म्हटलं, तर त्यांनी स्टॉपवॉच पुसायला घेतलं.

दुसरा नियम: कॅनडा म्हणजे शेजार. शेजाऱ्याला खोडायचं नाही, कंस घालायचा. इंग्लंडला नागमोडी. ऑस्ट्रेलियाला खोडायचं, पण हळुवार. केनिया, इथिओपिया, टांझानिया आली की मात्र पेन्सिलचं टोक मोडतं. पेन्सिलचा हा जोर कोणत्या अक्षांशावर वाढतो ते मी नकाशा न उघडताही सांगू शकतो. ते स्वतः मात्र छाती ठोकून सांगतात की आपण रंगबिंग काही पाहत नाही, फक्त कार्यक्रमपत्रिकेतला 'मूळ गाव' हा रकाना पाहतो.

ह्या रकान्यावर त्यांचं जिवापाड प्रेम. आपल्याकडे सोयरिकीच्या बैठकीत 'मूळचे कुठले?' हा प्रश्न पोहे यायच्या आत विचारला जातो. ह्यांच्या तोंडी तो शर्यतीच्या बंदुकीआधी असतो. आणि आपल्याकडच्या मावशींप्रमाणेच त्यांनाही 'सध्या कुठे राहता' ह्या उत्तरावर समाधान नसतं. म्हणूनच एडवर्ड चेसेरेकने त्यांना फार छळलं. हा पोरगा जन्माने केनियाचा, शाळेसाठी आला न्यू जर्सीतल्या नेवार्कला, आणि तिथून विद्यापीठात गेला ते थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगनला. २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन वर्षं त्याने राष्ट्रीय क्रॉस-कंट्री जिंकली, आणि सगळ्या प्रकारांत मिळून सतरा राष्ट्रीय विजेतेपदं. आता हा परदेशी की परराज्यातला? हिशेबनिसांनी दोन रात्री विचार करून त्याच्यासाठी वेगळा रकाना आखला: 'परराज्यातून आलेला परदेशी'. त्या रकान्यात त्याला दोनदा खोडलेलं आहे.

त्यांच्या वहीतला सुवर्णकाळ म्हणजे स्टीव्ह प्रीफॉन्टेन, लाडाने 'प्री'. ओरेगन राज्यातल्याच कूस बे ह्या लाकूडतोड्यांच्या गावचा पोरगा, ओरेगनच्याच विद्यापीठासाठी धावला, १९७०, १९७१ आणि १९७३ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकला आणि १९७५ साली, चोविसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला. हिशेबनिसांच्या दृष्टीने शुद्ध धावपटूची व्याख्या एवढीच: जिथे जन्मला तिथेच जिंकला. १९७३ ची स्पोकेनची शर्यत तर ते हातवारे करून सांगतात. निक रोझ नावाचा इंग्रज, केंटकीतल्या एका विद्यापीठाकडून धावणारा, कसा लांबच लांब पुढे निघून गेला. सगळ्यांना वाटलं गेली शर्यत. आणि मग प्री कसा एकेक पाऊल जवळ येत गेला आणि शेवटच्या टप्प्यात त्याला गाठून पुढे निघाला. सांगताना त्यांचे डोळे पाणावतात. मी विचारलं, "मग वहीत रोझला खोडलंय का?"

"अजिबात नाही," ते दचकून म्हणाले. "मग प्री हरवणार कोणाला?"

रोझ पुढच्याच वर्षी, १९७४ ला, जिंकला. तिथे मात्र खोडलेला आहे.

त्यानंतर वहीत काळोख. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व कोपऱ्यात पुलमन नावाचं गव्हाच्या टेकड्यांमधलं गाव आहे. तिथल्या विद्यापीठाचे कोच जॉन चॅप्लिन ह्यांनी केनियाहून पोरं आणली. त्यांतला एक हेन्री रोनो. १९७६, १९७७ आणि १९७९, तीन राष्ट्रीय क्रॉस-कंट्री त्याच्या नावावर. त्याच सुमारास मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोमधलं टेक्सास विद्यापीठ, कोच टेड बँक्स, आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या धावपटूंची रांग. १९७५ ते १९८१ ह्या सात वर्षांत त्यांनी सहा वेळा राष्ट्रीय सांघिक विजेतेपद नेलं, आणि १९८१ ला तर अवघ्या सतरा गुणांनी. पंधरा म्हणजे पूर्णत्व, आणि हे सतरा! हिशेबनिसांच्या शुद्ध वहीत त्या वर्षी एल पासोचा संघ जवळजवळ शर्यतीत उतरलेलाच नाही.

गंमत पुढेच आहे. ज्यांना खोडलं त्यांच्याविषयी ह्या माणसाला जितकं ठाऊक आहे तितकं प्रीविषयीही नसेल. १९७८ साली रोनोने ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम मोडले. झोपेतून उठवून विचारा: ८ एप्रिल, बर्कली, पाच हजार मीटर, १३ मिनिटं ८.४ सेकंद. १३ मे, सिॲटल, तीन हजार मीटर स्टीपलचेस, ८ मिनिटं ५.४. ११ जून, व्हिएन्ना, दहा हजार. २७ जून, ऑस्लो, तीन हजार, ७ मिनिटं ३२.१. "आणि ऑलिंपिक?" असं विचारलं की आवाज खाली जातो. १९७६ आणि १९८० ह्या दोन्ही ऑलिंपिकवर केनियाने बहिष्कार टाकला होता. रोनो एकदाही धावू शकला नाही. "अन्याय झाला हो पोरावर," असं हिशेबनीस मनापासून म्हणतात, आणि हे म्हणताना मांडीवर तीच वही उघडी असते, ज्यात त्यांनी त्याला तीनदा खोडलेलं आहे. इटेन हे केनियातलं गाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे त्यांना पाठ आहे. आमच्या गावाच्या महापौराचं नाव मात्र विचारावं लागतं.

कायद्याचा विषय निघाला की ते वकील होतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या पात्रतेवर बंधन घालणारा एक नियम एनसीएएने केला होता. हॉवर्ड विद्यापीठाने त्याला आव्हान दिलं आणि १९७५ साली राजधानीतल्या अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मग देशाऐवजी वय धरण्यात आलं: विसाव्या वाढदिवसानंतर मायदेशात स्पर्धांमध्ये उतरलात तर तेवढा काळ तुमच्या पात्रतेतून वजा व्हायचा. हिशेबनिसांचा ह्या नियमावर भारी लोभ. संघात नवा परदेशी पोरगा आला की ते त्याच्या तोंडाकडे बघून वय ठरवतात. "हा एकोणीसचा? ह्याच्या कपाळावर बघा आठ्या." ज्याच्या कपाळावर आठ्या आहेत तो बिचारा नुकताच उणे दहा अंशांत पहिल्यांदा घराबाहेर पडलेला असतो.

ह्या सगळ्याचा राग ज्याच्यावर निघतो तो आमच्या विद्यापीठाचा कोच मात्र शांत माणूस आहे. पहाटे तीनला फोन वाजतो तेव्हा नैरोबीत अकरा-बारा वाजलेले असतात, ह्या वेळेच्या गणितात त्याचं आयुष्य चाललंय. विद्यापीठाचं प्रवेशपत्र, इंग्रजीची परीक्षा, व्हिसाची मुलाखत, शाळेच्या गुणपत्रिकेवरचा शिक्का, आणि हे सगळं जमल्यावर पोराची आई 'तिकडे खायला काय मिळतं' विचारते त्याचं उत्तर. एकदा हिशेबनिसांनी त्याला दुकानात गाठून डोनटच्या काचेसमोरच जाब विचारला, "आपल्या राज्यात पोरं नाहीत का?"

कोच म्हणाला, "आहेत. त्यांतलं सगळ्यांत चांगलं पोरगं ॲरिझोनाला गेलं."

हे खरं होतं. फ्लॅगस्टाफ हे ॲरिझोनातलं गाव सात हजार फुटांवर आहे. तिथल्या विद्यापीठाने २०१६ ते २०२२ ह्या काळात सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. विरळ हवेत फुप्फुसं तयार होतात, जिंकणाऱ्या संघात जिंकायची सवय लागते. मग अठरा वर्षांचं तेज पोर मक्याच्या सपाटीवर कशाला थांबेल? उरलेली चांगली पोरं कोलोराडो, युटा, ओरेगन, स्टॅनफर्ड अशी पांगतात. मागे रिकाम्या राहिलेल्या जागी कोच फोन फिरवतो तो नैरोबीला, डब्लिनला, मेलबर्नला. हिशेबनीस परराज्य आणि परदेश असे दोन शत्रू वेगळे धरतात. प्रत्यक्षात ती एकच साखळी आहे, आणि तिची पहिली कडी आपल्याच घरच्या पोराने बाहेर टाकलेलं पाऊल असते.

त्यात पैशाचं गणित. पुरुषांच्या ट्रॅक, फील्ड आणि क्रॉस-कंट्री ह्या सगळ्यांना मिळून वर्षानुवर्षं साडेबारापेक्षा किंचित जास्त, १२.६ एवढ्याच शिष्यवृत्त्या द्यायला परवानगी होती. त्यातून गोळाफेकवाले, भालावाले, शंभर मीटरवाले, उंच उडीवाले सगळे भागवायचे. म्हणजे लांब पल्ल्याच्या कोचच्या वाट्याला तीन-चार येणार आणि पोरं हवीत निदान सात. कोणाला निम्मी, कोणाला पाव. राज्यातल्या पोराला राज्य विद्यापीठात फी कमी, परराज्यातल्याला कितीतरी जास्त. म्हणून खर्चाच्या दृष्टीने घरचं पोर स्वस्तात पडतं, आणि कोचला त्याचा मोह असतोच. पण राष्ट्रीय स्पर्धेत विसावा संघ होऊन त्याची नोकरी टिकत नाही. हिशेबनिसांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली, "ते पॉइंट सहा म्हणजे पोराचा कोणता भाग?"

फुटबॉलला ह्यातलं काहीच लागू नाही. क्वार्टरबॅक टेक्सासहून येवो, कॅलिफोर्नियाहून येवो, पहिला चेंडू फेकायच्या आत तो 'आपला'. ह्यावर छेडलं तर ते म्हणतात, "तो खेळ वेगळा." उंच उडीतही त्यांना परदेशी चालतो. दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ ची राष्ट्रीय उंच उडी जिंकला, त्याचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. माझा अंदाज असा की उडी मारणारा माणूस दोन सेकंदांत खाली येतो, त्यात राग धरायला वेळ मिळत नाही. दहा किलोमीटर धावणारा मात्र अर्धा तास डोळ्यांसमोर पुढे असतो.

आणि मग ऑलिंपिकचा ऑगस्ट येतो. ऑगस्टात हिशेबनीस दुसरेच गृहस्थ होतात. अंगणात झेंडा, दारात झेंडा, टोपीवर झेंडा. बर्नार्ड लगाट हा केनियाचा, पुलमनच्याच विद्यापीठात शिकलेला, केनियासाठी ऑलिंपिक पदकं मिळवून मग अमेरिकेकडून धावायला लागला आणि २००७ च्या ओसाकातल्या जागतिक स्पर्धेत १५०० आणि ५००० ही दोन्ही सुवर्णं अमेरिकेसाठी घेऊन आला. हिशेबनिसांच्या घरी त्याची चौकट लावलेली तसबीर आहे. पॉल चेलिमो नॉर्थ कॅरोलायनात विद्यापीठात धावला, पुढे अमेरिकन सैन्यात गेला आणि रिओत ५००० चं रौप्य जिंकला. तेव्हा ह्यांच्या आरोळीने आमच्या घरातली मांजर पलंगाखाली गेली. हे दोघेही विद्यापीठात असताना वहीत खोडलेले आहेत. नोव्हेंबरातला उपरा ऑगस्टात घरचा होतो, फक्त मध्ये एक शपथविधी लागतो.

सगळ्यांचा शपथविधी मात्र सारखा चालत नाही. मेब केफ्लेझिगी एरिट्रियात जन्मला, लहानपणी सॅन डिएगोला आला, १९९७ ची राष्ट्रीय क्रॉस-कंट्री जिंकला, दुसऱ्या वर्षी नागरिक झाला. २००९ ला त्याने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली तेव्हा हिशेबनीस म्हणाले, "हो, पण..." तो 'पण' पाच वर्षं तसाच लोंबकळत राहिला. २०१४ ला, बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतरच्या वर्षी, मेबने ती शर्यत जिंकली, आणि त्या संध्याकाळी 'पण' गळून पडला. उलट वाटेने प्रवास केला तो अल्बर्टो सालाझारने. जन्म हवानाचा, वाढला मॅसॅच्युसेट्समध्ये. १९७८ ला राष्ट्रीय क्रॉस-कंट्री जिंकला तेव्हा वहीत 'मूळ गाव: वेलँड, मॅसॅच्युसेट्स'. २०१९ साली प्रशिक्षक म्हणून त्याच्यावर उत्तेजकांच्या नियमभंगापायी चार वर्षांची बंदी आली, तेव्हा मी वही पाहिली. वेलँड खोडून वर बारीक अक्षरांत 'हवाना' लिहिलेलं होतं.

आता माझी गोष्ट. मी मराठी, म्हणजे ह्या वहीच्या हिशेबाने पेन्सिलचं टोक मोडणाऱ्यांपैकी. पण मी धावत नाही, त्यामुळे मला माफी आहे. एकदा मी त्यांना मुंबई मॅरेथॉनविषयी सांगितलं. जानेवारीत असते, पुढे बहुधा इथिओपिया आणि केनियाचे धावपटू असतात, पण भारतीयांचा निकाल वेगळा लावतात, भारतीय विजेत्याला वेगळं बक्षीस देतात. ते खुर्चीतून उठले. त्यांनी माझा हात हातात घेतला. आयुष्यभर एकट्याने, लाल पेन्सिलने, जे केलं ते एक अख्खं शहर उघडपणे, व्यासपीठ उभारून करतं, हे ऐकून माणूस भारावला होता. "आणि राज्याचा? राज्याचा वेगळा लावतात का?" मी म्हटलं तसं नाही, पण नाशिकची कविता राऊत आणि साताऱ्याकडची ललिता बाबर धावायच्या तेव्हा आमच्याकडे घरोघरी तो निकाल मनातल्या मनात लावला जायचा. "शहाणे लोक," ते म्हणाले.

त्याच ओघात मी बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचं नाव काढलं, आणि इथे मात्र अनपेक्षित घडलं. स्टीपलचेस, बर्मिंगहॅम, २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा. वर्षानुवर्षं तिन्ही पदकं नेणाऱ्या केनियाच्या तटात साबळेने रौप्य घुसवलं, ८ मिनिटं ११.२०. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये ८ मिनिटं ९.९१. हिशेबनिसांनी डोळे मिटून मनात रोनोचे १९७८ चे ८ मिनिटं ५.४ आठवले, वजाबाकी केली, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांत कोचच्या डोळ्यांतली चमक होती.

"वय काय ह्याचं?"

"१९९४ चा जन्म."

"हातचा गेला! अठराव्या वर्षी का नाही सांगितलंस? आपल्या कोचला मी फोन करून..."

अठराव्या वर्षी तो शर्यती धावत नव्हता हो, मी म्हटलं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनवर पहारा दिला, मग धावायला लागला. त्यांना ते पटलं नाही. माझा हलगर्जीपणा झाला, असंच त्यांचं मत कायम आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर टकटक करून विचारलं की बीड जिल्हा किती उंचीवर आहे, आणि साबळेच्या शाळेत आणखी कोणी आहे का. उपरा हा दुसऱ्याने शोधलेला असला तरच उपरा असतो. आपण शोधला तर तो शोध असतो. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या वतनदार वृत्तीच्या माणसांचंही ह्याहून वेगळं नाही.

त्यांची नात शाळेत लांब पल्ल्याची चांगली धावपटू निघाली. राज्याच्या स्पर्धेत ३२०० मीटरला वर आली, आणि चार राज्यं ओलांडून डोंगरातल्या एका विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती दिली. मी बातमी ऐकून त्यांच्याकडे गेलो ते जरा घाबरतच. पण घरात केक कापला जात होता. "पोरीने जग पाहायला हवं," आजोबा म्हणाले. "इथे काय आहे? मका." तिथल्या गावातही असाच कोणी लोकरी टोपीवाला असेल, आणि त्याच्या पेन्सिलखाली आता ह्यांची नात नागमोडी रेघेवर उभी असेल, हे मी बोललो नाही. केक चांगला होता.

माणूस हास्यास्पद आहे, पण त्याच्या तक्रारीत एक दाणा खरा आहे. जून २०२५ मध्ये विद्यापीठ क्रीडेतल्या पैशाबाबतचा एक मोठा न्यायालयीन समझोता मंजूर झाला. जी विद्यापीठं तो स्वीकारतात त्यांच्यावरची शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघातल्या माणसांवर मर्यादा आली: क्रॉस-कंट्रीला सतरा. पूर्वी कोच पंचवीस-तीस पोरं पदरी बाळगू शकायचा. त्यांतली बरीचशी आसपासच्या गावांची, स्वतःची फी भरून, शिष्यवृत्तीचा एक डॉलर न घेता पहाटे पाचला बर्फात धावणारी. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. ती राष्ट्रीय स्पर्धेत कधी उतरायची नाहीत, पण संघ म्हणजे तीच. आता अठराव्या पोराला कोच हात जोडून घरी पाठवतो. कोण केनियाचा आणि कोण कॅनडाचा ह्यावर भांडण्यापेक्षा ह्या अठराव्यासाठी कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. हिशेबनिसांच्या वहीत अठराव्याला रकाना नाही.

ते स्वतः अठरावेच होते. सत्तरच्या दशकात ह्याच विद्यापीठात, स्वतःची फी भरून. आणि ती फी बाहेरच्यांची, कारण हे गृहस्थ मूळचे ह्या राज्यातले नाहीतच; मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या काठावर त्यांचं गाव. लग्न इथे झालं, म्हणून इथले. चार वर्षांत एकदाच, कोणीतरी आजारी पडल्यामुळे, त्यांना मोठ्या शर्यतीत उतरायला मिळालं. तो निकाल त्यांनी जपून ठेवलाय, पिवळा पडलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटात. ब्याण्णवावे आले होते. मला वाटलं, आता कळलं सगळं मूळ. त्या दिवशी पुढे परदेशी पोरांची फौज असणार. मी कागद हातात घेऊन पाहिला. अख्ख्या निकालात लाल रेघ एकच होती. बाकीचे नव्वद जण अमेरिकन होते, त्यांतले कितीतरी ह्याच राज्यातले. शुद्धीकरणानंतर ते एक्याण्णवावे.

"फरक पडतो," ते म्हणाले, आणि कागद परत पाकिटात सरकवला.

तुम्ही कधी नोव्हेंबरात तिकडे मुलाकडे किंवा मुलीकडे गेलात आणि शनिवारी करण्यासारखं काही नसेल, तर जवळच्या गोल्फच्या मैदानावर क्रॉस-कंट्री पाहायला जरूर जा. बहुधा फुकट असते. कानटोपी घ्या. तिसऱ्या किलोमीटरच्या वळणाशी हा माणूस भेटेलच. निकाल त्यालाच विचारा, फलकापेक्षा लवकर मिळतो, फक्त देशाचा हवा, राज्याचा हवा की जिल्ह्याचा, ते आधी सांगा. आणि बरोबर सतरा-अठरा वर्षांचा, काटक अंगाचा, भरभर चालणारा भाचा-पुतण्या असेल तर त्याला जरा मागे ठेवा. नाहीतर त्याचं मूळ गाव, त्या गावाची उंची आणि आईचा फोन नंबर लिहून घेतल्याशिवाय तुमची सुटका नाही.